दोघांनी ऐकलं तर खरं

आमच्या कामात उजेडापेक्षा काळोखाचीच मेहनत जास्त. घरातला काळोख हा काळोखच नव्हे, हे मला संशोधनाला लागल्यावर लगेच कळलं. दिवा मालवा, खिडक्या लावा, पडदे ओढा, तरी दाराखालून, कुलपाच्या भोकातून, भिंतीच्या चिरेतून उजेड आत येतच असतो. आम्ही खोलीच्या फटी काळ्या चिकटपट्टीनं आणि दुहेरी काळ्या कापडानं बुजवायचो. आत बसून डोळे सरावले की पुन्हा कुठंतरी एक फट चमकायची. माझा स्वभाव मुळात तापट. ती फट सापडेपर्यंत मी कुणाशी धड बोलत नसे.

ही खोली इंदुरात, खंडवा रोडच्या बाजूला, विद्यापीठातली. माझ्या सरांना वेड होतं उजेडाच्या एकेका कणाचं. उजेड कितीही कमी करत नेला तरी तो शेवटी अर्धामुर्धा होत नाही, कणाकणानं येतो. अशा एकेका कणावर निरोप पाठवला तर वाटेत कुणाला तो चोरून वाचता येत नाही, कारण वाचायला गेलं की कण बिघडतो आणि चोरी उघडी पडते. परदेशात या विषयावर कामं सुरू झाली होती. सरांचं म्हणणं, मग इंदुरात का नको?

त्यासाठी दोन गोष्टी हव्यात: एका वेळी एकच कण सोडणारा दिवा, आणि एक कण आला तरी तो ओळखणारा डोळा. दिवा आम्ही काळसर काचांवर काचा लावून कसाबसा जमवला. डोळा म्हणजे काचेची एक नळी, जपानहून आलेली. आयात नुकतीच खुली झाली होती, म्हणून ती आली तरी. नळीला कण दिसला की तिच्यातून विजेचा बारीकसा झटका निघे आणि सरांनी तो एका छोट्या स्पीकरला जोडला होता. एक कण आला की एक टक.

नळी काळ्या पेटीत बंद, दिवा विझलेला, खोली काळीकुट्ट. तरी टक. मग बराच वेळ काही नाही. मग टक-टक. कुठूनही काही येत नसताना नळी सांगते, आलं. तिच्या स्वतःच्या उबेनंच तिला भास होतात. तिला थंड ठेवलं तर भास कमी होतात, संपत नाहीत. पुस्तकात त्यांना डार्क काउंट म्हणतात, आम्ही ‘खोटे’ म्हणायचो. ‘आज खोटे फार का?’ असं सर आल्या आल्या विचारत. खरी डोकेदुखी अशी की खरा ठोका आणि खोटा ठोका ऐकायला अगदी सारखे. एकट्या ठोक्यावरून तो खरा की खोटा, हे कुणाचा बाप सांगू शकत नाही.

माझा बाप मात्र सांगू शकतो असं म्हणत होता, आणि त्यावरूनच घरात रडारड चालली होती.

बाबा मिलमध्ये साचेवाले होते. कापड विणायच्या मागाला आमच्याकडे मिलमध्ये साचा म्हणतात. आजोबा खानदेशातून इंदूरला आले ते मिलच्या नोकरीसाठीच, आणि बाबाही मिसरूड फुटायच्या आत तिथंच लागले. साचेखात्यात इतका आवाज असे की शेजारच्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू जात नसे. म्हणून साचेवाल्यांची हातांची एक भाषा होती. पाणी, मुकादम आला, धागा तुटला, सगळ्याला एकेक खूण. जेवायला जायचं तर शेजारच्याकडे बघायचं. तो दोन बोटं आपल्या डोळ्यांशी नेई आणि तळहात छातीवर ठेवी. म्हणजे, तुझे साचे मी बघतो, तू जा. मग निर्धास्त जायचं. बाबा घरीही तसंच बोलत. आई दूध चुलीवर ठेवून नळावर निघाली की बाबांची बोटं डोळ्यांशी जात, तळहात छातीवर, आणि दूध हमखास उतू जाई. आई म्हणे, ‘हे तुमच्या मिलमधलं नका करू माझ्या सैपाकघरात.’

आमचं घर परदेशीपुऱ्यात, मिलच्या भिंतीला जवळजवळ लागूनच. साचे चालू असले की फडताळातली ताटं थरथरायची. त्यांचा किणकिणाट होऊ नये म्हणून आईनं ताटांच्या मधे चिंध्या घालून ठेवल्या होत्या. आम्हाला ते कधी जाणवलंच नाही. मिल बंद झाली त्या आठवड्यात कळलं, कारण गल्लीत कुणालाच झोप येईना. आवाजानं नव्हे, आवाज नसल्यानं. आईनं एक दिवस ताटांमधल्या चिंध्या काढून टाकल्या आणि मग बराच वेळ तिथंच उभी राहिली. मला आजही तिची ती पाठ दिसते.

आमचीच मिल बंद पडली असं नव्हतं. शहरभर तेच चाललं होतं, एकामागून एक सगळ्यांच्या मिलचे भोंगे गप्प होत होते. बाजारात रंगीत टीव्ही आणि परदेशी साबण येत होते, आणि आमच्या गल्लीत सगळे बाप दिवसाउजेडी ओट्यांवर बसलेले. बाबा ओट्यावर बसले नाहीत. पाळीची वेळ झाली की ते सदरा घालत, डब्यात सेव-परमल, म्हणजे शेव-कुरमुरे, घेत आणि निघत. मिलच्या मागच्या भिंतीला भगदाड पडलं होतं. तिथून आत जात.

‘अहो, काय करून राहिले तिथं?’ आईनं विचारलं.

‘साचे चालू आहेत,’ बाबा म्हणाले. ‘मतलब, सगळे नाही. पण चालू आहेत. मला ऐकू येतंय ना.’

साच्यांच्या आवाजानं कान गेल्यामुळं ज्या माणसाला दाराची कडी वाजलेली ऐकू येत नव्हती, त्याला बंद मिलमधले साचे ऐकू येत होते. जेवता जेवता ते घास हातात धरून थांबत. मान जराशी तिरपी. मग डावा तळहात फरशीवर टेकवत, आणि म्हणत, ‘लागले.’ म्हणजे साचे सुरू झाले. पुन्हा जेवू लागत. ते इतक्या शांतपणे म्हणत की आम्ही सगळेच नकळत कान देत असू. मी भुताखेतांवर चिडणारी मुलगी, पण त्या वेळी माझ्याही मानेवरून काटा सरकून जाई.

भंगारवाले मिलचं छत उतरवायला लागले तेव्हा आईचा धीर सुटला. एकदा बाबा आत असतानाच लोखंडी तुळई खाली आली, जरा पलीकडे पडली म्हणून निभावलं. मामाला बोलावणं गेलं. मामा माझा मायाळू, पण त्याचं डोकं एका रुळावरून चालणारं. तो म्हणाला, ‘भावजींना बाणगंगेला दाखवू. डॉक्टर ठेवून घेईल थोडे दिवस.’ इंदुरात बाणगंगेला नेणं म्हणजे वेड्यांच्या दवाखान्यात नेणं. थोडे दिवस म्हणून गेलेली माणसं आम्ही पाहिली होती, परत आल्यावर ती घरच्यांकडे पाहुण्यांसारखी बघत. रविवारी घेऊन जायचं ठरलं. बाबांनी ‘मला काही ऐकू येत नाही’ एवढं कबूल केलं तर ते टळणार होतं. पण ते कबूल करेनात.

तेव्हा मला वाटलं, हे काम माझं आहे. खऱ्या ठोक्यांतून खोटे वेगळे काढायचं शिक्षण मी घेतेय की नाही? मी बाबांना प्रयोगशाळेत घेऊन गेले.

ते ठेवणीतला पांढरा सदरा घालून आले. आमच्या खोलीत पांढऱ्याला मनाई. उन्हातून आलेलं कापड, कागद, अगदी माणसाची कातडीसुद्धा काळोखात काही वेळ उजेड परत देत राहते. डोळ्याला दिसत नाही, पण नळीला दिसतो. मी त्यांना काळा डगला चढवला, स्टुलावर बसवलं आणि दार लावून पडदे ओढले. अंधारात त्यांचा श्वास ऐकू येत होता.

‘बाबा, पेटी बंद आहे. दिवा बंद आहे. आत काही म्हणजे काही नाही,’ मी त्यांच्या कानाशी ओरडले. ‘आता इथं हात ठेवा.’

त्यांची बोटं मी स्पीकरच्या कागदी पडद्यावर टेकवली, कारण टकटक त्यांना ऐकू आली नसती. थोडा वेळ गेला.

‘चालू आहे,’ ते म्हणाले.

‘काय चालू आहे? तिला भास होताहेत. हे सगळे खोटे. कानाचंही तसंच असतं बाबा. इतकी वर्षं साच्यांजवळ उभे राहिलात, आता साचे गेले तरी कान ठोके देतोय. तुमची चूक नाही त्यात.’

त्यांनी बोटं काढली नाहीत. म्हणाले, ‘सगळे खोटे?’

इथं ‘हो’ म्हणून टाकायला हवं होतं, मामा म्हणाला असता. पण मला ते जमेना. ‘सगळे नसतात,’ मी म्हटलं. ‘मधेच एखादा खरा असतो. पण कुठला, ते एकट्या नळीला कळत नाही.’

‘हां,’ बाबा म्हणाले. मग म्हणाले, ‘माझा हात दाखव तिला.’

मी हे आधी स्वतःवर करून पाहिलं होतं. जिवंत शरीरातून फार फार थोडा उजेड निघत असतो, उन्हाचा परत आलेला नव्हे, स्वतःचा. पेटीला बाजूनं काळ्या कापडाची बाही होती. तीतून त्यांचा हात आत घातला आणि उन्हाचा उरलासुरला उजेड विरेपर्यंत आम्ही गप्प बसलो. मग मी नळीसमोरची झडप उघडली. टक. टक-टक. टक. आधीपेक्षा दाट, अगदी थोडीच, पण दाट.

‘हे मी?’

‘हो. तुमच्या हाताचा उजेड आहे हा. सगळ्यांच्याच हाताला असतो.’

बाहीच्या कापडाला माझा हात लागलेला होता, आणि मला जाणवलं की आत त्यांची बोटं हलताहेत. मूठ वळत होती, उघडत होती, बोटं आडवी होत होती. ते नळीशी बोलत होते. साचेखात्यातल्या खुणा एकामागून एक करत होते, त्या गच्च काळोखात, आणि स्पीकर टकटकत होता. मला एकदम नको नको झालं. मी झडप पाडली आणि दिवा लावला.

डोळे चोळत त्यांनी विचारलं, ‘मग तुम्ही खरं-खोटं कसं काढता?’

‘दोन नळ्या लावायच्या,’ मी म्हटलं. ‘एक स्फटिक असतो, त्यातून उजेडाचे कण जोडीनं निघतात. एक इकडे जातो, एक तिकडे. दोन्ही नळ्या एकाच क्षणी वाजल्या तर खरं. एकटी वाजली तर सोडून द्यायचं. दोघींना एकाच वेळी एकच भास होणं कठीण ना.’

‘दुसरी नळी कुठंय?’

‘यायची आहे अजून.’

‘मग आपल्याला दुसरी तू हो,’ बाबा म्हणाले. ‘चल माझ्याबरोबर मिलमधे. दोघांनी एकदम ऐकलं तर खरं. नाहीतर मी मामाबरोबर जातो, चुपचाप. मग कोणी रडायचं नाही.’

मी आणलेली युक्ती माझ्याच अंगावर आली होती. नाही म्हणायला माझ्याकडे एकही कारण नव्हतं, कारण पद्धत बिनचूक होती.

शनिवारी दुपारी आम्ही गेलो. भगदाडातून नव्हे, फाटकातून. फाटकावर जुनाच चौकीदार होता. त्याला बाबांचं येणं-जाणं माहीत होतं.

‘आओ भिया,’ तो म्हणाला. ‘आज बिटिया को भी ले आए?’

बाबांनी त्याला सगळं समजावलं. आम्ही दोघं पाठीला पाठ लावून, डोळे मिटून बसणार. ज्याला साच्यांचा आवाज येईल त्यानं हात वर करायचा. कोणाचा उठला ते चौकीदारानं मोठ्यानं सांगायचं.

‘हओ. पर मैं दरवाज़े पे ही बैठूंगा, भिया. अंदर नी जाता मैं.’

‘क्यों चाचा?’ मी विचारलं.

‘बस, नी जाता,’ तो म्हणाला आणि किल्ल्या घेऊन पुढं झाला.

साचेखातं आतून एवढं मोठं असेल अशी माझी कल्पना नव्हती. साचे केव्हाच विकले गेले होते. फरशीतून वर आलेले बोल्ट तेवढे रांगेनं उभे होते, आणि प्रत्येक साच्याच्या जागी तेलाचा काळा डाग, साच्याच्याच आकाराचा. अर्धं छत उघडं. उरलेल्या अर्ध्याला सुताची जळमटं लोंबत होती. ऊन होतं, कबुतरंही असायला हवी होती, पण एकही नव्हतं. बाबा पुढं चालले आणि मी त्यांच्या मागं. जरा वेळानं माझ्या लक्षात आलं की ते सरळ चालतच नाहीयेत. दोन डागांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीतून जात होते, कोपऱ्यावर वळत होते, एके ठिकाणी अंग चोरून तिरपे झाले. जिथं साचा होता तिथं त्यांनी पाऊल टाकलं नाही. त्याहून वाईट म्हणजे मीसुद्धा टाकलं नव्हतं. मीही त्याच जागी अंग चोरलं होतं.

त्यांच्या स्वतःच्या साच्यांच्या मधे दोन रिकामी खोकी ठेवून आम्ही पाठीला पाठ लावून बसलो. चौकीदार लांब दारात, स्टुलावर. मी डोळे मिटले.

‘भिया का,’ थोड्या वेळानं चौकीदाराचा आवाज आला. उघड्या छतातून तो कुठल्या कुठं गेला.

मी कान दिला. वारा. लांब रस्त्यावर टेम्पो. दुसरं काही नाही.

‘भिया का.’

माझ्या पाठीला बाबांचा खांदा हललेला कळत होता. हात वर जाई, खाली येई. मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. उद्या रविवार. खोटा हात वर करावा असं मनात आलं, नाही असं नाही. पण डोळे मिटलेले, पाठ फिरवलेली. खांदा हलल्याचं कळून मी हात उचलेपर्यंत बाबांचा खाली आलेला असता. चौकीदार पुन्हा म्हणाला, ‘भिया का.’ मग कितीतरी वेळ तो काहीच म्हणाला नाही.

आधी पायांना कळलं. तळव्यांखाली फरशी थरथरत होती, बारीक, लहानपणी झोपेत अंथरुणात जाणवायची तशी. मी श्वास धरला. मग आवाज आला, लांबून, जमिनीच्या खालच्या अंगानं यावा तसा. खट-खट, खट-खट. एकच साचा. मग त्याच्या शेजारचा. मग त्याच्या शेजारचा. पाळी सुरू होताना लागतात तसे ते एकेक करत लागत गेले, आणि रांग माझ्या दिशेनं येत गेली. मला भीती वाटली नाही. मला आनंद झाला, खरं सांगते, इतका आनंद की डोळ्यांत पाणी आलं. बाबांचं खरं होतं. माझा हात वर होता. तो मी केव्हा उचलला ते मला आजही आठवत नाही.

मी चौकीदाराच्या ‘दोनों का’ची वाट पाहिली.

तो बोलेना. मग एकदम हलक्या आवाजात म्हणाला, ‘बिटिया का.’ आणि थांबून, ‘अकेली बिटिया का.’

मी डोळे उघडून वळले. आवाज गेला होता. बाबा दोन्ही हात गुडघ्यांच्या मधे घट्ट धरून बसले होते. पैज हरलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता. मी त्यांना मिल बंद होताना पाहिलं होतं, तुळई पडली त्या दिवशी पाहिलं होतं. घाबरलेलं मात्र प्रथमच पाहत होते.

‘काय ऐकलंस?’

मी सांगितलं.

‘पहिला कुठला लागला?’

मी कोपऱ्याकडे हात केला. बाबा त्या कोपऱ्याकडे बघत राहिले. पाळी तिथूनच सुरू व्हायची, पहिली रांग तिथली लागायची, हे मला त्यांनी कधी सांगितलेलं नव्हतं. लहानपणी डबा पोचवायला मी दारापर्यंत यायचे, तेव्हा पाहिलं असेल, असं मी पुढं स्वतःला पुष्कळ वेळा समजावलं.

बाबा उठून माझ्यासमोर उभे राहिले. त्यांनी दोन बोटं डोळ्यांशी नेली आणि तळहात छातीवर ठेवला. मग मला खांद्याला धरून दाराकडे ढकललंच. मला वाटलं, ते आता मागेच राहणार. पण ते माझ्या मागोमाग बाहेर आले, डागांवर पाय देत, सरळ. फाटकातून बाहेर पडल्यावर त्यांनी चौकीदाराला रामराम केला. त्यानंतर ते त्या मिलमध्ये कधीही गेले नाहीत.

रविवारी मामा आला. बाबा त्याला म्हणाले, ‘नाही येत आता काही ऐकू. झालं ते झालं.’ मामानं त्यांच्या पाठीवर थाप मारली, आईनं आत जाऊन डोळे पुसले, श्रीखंडाचा बेत झाला. मामाला माझं कौतुक वाटलं. शिकलेल्या पोरीनं बापाला ताळ्यावर आणलं, असं तो सगळ्यांना सांगत सुटला. जेवताना बाबांचा डावा तळहात फरशीवर टेकलेला होता. ते बघून मी मान खाली घातली.

पुढं बाबांनी पाटणीपुऱ्यात एका किराणा दुकानात काम धरलं. आमची दुसरी नळी आली, सरांचं आणि माझं काम मार्गी लागलं. मी बाबांना कैकदा विचारलं, ‘त्या दिवशी तुम्हाला खरंच ऐकू आलं नव्हतं?’ ते म्हणत, ‘तू तुझं काम कर.’ एकदा मी जास्तच मागं लागले तर ते उठून बाहेर निघून गेले.

मी विज्ञानाची बाई आहे, मला दोन्ही बाजू मांडता येतात. बापाला वाचवायची मला इतकी घाई होती की माझ्या कानानं ठोका तयार केला, आणि बाबांना खरोखर काही ऐकू आलं नाही. हे सरळ आहे, पटण्यासारखं आहे. दुसरी बाजू अशी की त्यांनाही ऐकू आलं होतं. पण त्याआधीच कधीतरी माझी ताठलेली पाठ, माझा धरलेला श्वास त्यांना कळला असणार, आणि दोघांचे हात उठले तर ते खरं ठरेल, मग ही पोरगीही माझ्यासारखी इथं येऊन बसेल, हे त्यांच्या ध्यानात आलं. म्हणून बाणगंगा पत्करून त्यांनी हात गुडघ्यांत दाबून धरले. आमच्या नळ्या खोटं सांगतात, पुष्कळ कण त्यांच्या हातून निसटतातही. पण आलेला कण कुणाच्या भल्यासाठी लपवून ठेवणारी नळी मला अजून भेटलेली नाही.

आता मी सिमरोलच्या बाजूला एका प्रयोगशाळेत काम करते. डोळे आता काचेचे नाहीत, नखाएवढ्या तुकड्यांचे आहेत आणि भयंकर थंडीत ठेवलेले असतात. टकटक नाही, पडद्यावर आकडे येतात. मुलं म्हणतात, मॅडम, डार्क काउंट आता कितीतरी कमी झालेत. मी हो म्हणते. दुपारी पाळी बदलायची वेळ झाली की मी जिथं असेन तिथं जरा थांबते, आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून टेबलावर तळहात टेकवते. ते लागतात. कोपऱ्यातून सुरू होतात. मला ते खरे आहेत असं म्हणायचं नाही, कारण ऐकणारी मी एकटी आहे.

बाबा गेले ते भारनियमनाच्या दिवसांत. शेवटच्या आठवड्यात त्यांची वाचा गेली होती, पण हात गप्प नव्हते. चादरीवर बोटं सारखी चालत. आई म्हणायची, काहीतरी शोधताहेत. ते शोधत नव्हते. तुटलेला धागा पकडत होते, सोडत होते, पुढच्या साच्याकडे वळत होते. कितीतरी साचे होते ते, एका माणसाच्या वाट्याला येतात त्याहून जास्त. दिवेलागणीला वीज गेली आणि खोलीत काही दिसेनासं झालं. आई मेणबत्ती आणायला आत गेली. चादरीची खसखस चालूच होती. मी त्यांच्या समोर जाऊन बसले, दोन बोटं डोळ्यांशी नेली आणि तळहात छातीवर ठेवला.

त्यांना ते दिसणं शक्य नव्हतं. पण हातातून उजेड निघतो, एवढं मी त्यांच्याबरोबर बसून मोजलेलं आहे. चादरीची खसखस थांबली.